ती गेली न्हाई

"काका, जरा उन्हात या. तोंड वर करा."

मेकअपवाल्या पोरीनं माझ्या गालाला रंगाची एक पट्टी लावली. बघितलं. ती काढून दुसरी लावली. तिच्यामागं छत्रीखाली खुर्चीत हिरो बसला होता. मानेला टॉवेल, हातात बॅटरीवरचा बारका पंखा. ती माझ्याकडं बघायची, मग त्याच्याकडं.

"सर, दोन शेड डार्क करावं लागेल."

"दोनच? नीट बघ. तव्याची मागची बाजू आहे ही."

सगळे हसले. मीपण हसलो. कुणी हसलं की हसायचं, ही माझ्या अंगाला लागलेली सवय. आयुष्य त्यातच गेलं.

मग म्हणाली, तोंड उघडा. उघडलं. माझे पुढचे दात पडलेत. तिनं मोबाइलवर आतले फोटो काढले. हिरो वाकून बघायला आला आणि झटक्यात मागं सरला.

"ए, यांना चूळ भरायला सांगा रे आधी. उलटी होईल मला."

मी बाजूला जाऊन चूळ भरली. परत आलो. परत तोंड उघडलं. बाजारात बैल घेताना त्याचे दात बघतात ना, तसा उभा राहिलो. त्या दिवशी एवढं कळलं, की ह्या लोकांना माझा चेहरा पाहिजे, पण माझ्या अंगावर नको, हिरोच्या अंगावर पाहिजे. माझी त्यांना शिसारी.

मी तमाशातला सोंगाड्या. गण झाला, गवळण झाली, की माझं काम सुरू. बतावणीत लोकांना हसवायचं, वगात राजाची खोडी काढायची. राजा तलवार उगारणार, मी त्याच्या तलवारीला दुधी भोपळा म्हणणार. लोक लोळायचे. बाप हलगी वाजवायचा, जुन्नर तालुक्यातल्या एका गावच्या मांगवाड्यात. गावाला हलगी पाहिजे असायची, हलगीवाल्याची सावली नको असायची. मी शाळा सोडली आणि फडात शिरलो. बोर्डावर उभा राहिलो की पहिल्या रांगेतला पाटीलसुद्धा माझ्या तोंडाकडं टकामका बघत राहायचा. बोर्डावरनं खाली उतरलो की तोच पाटील पाणी वरनं ओतायचा.

आता म्हातारा झालो. गुडघे गेले. फड आता पुतण्याचा. उडी मारायची जागा आली की तोच मारतो, मी नुसता आवाज देतो. पोरं मोबाइलवर बारक्या बारक्या फिती बघतात, माझ्या बतावणीला पूर्वीसारखं हसत नाहीत. मला कळतं. न हसलेला माणूस सोंगाड्याला अंधारातपण दिसतो.

अशातच डायरेक्टर घरी आला. नारायणगावात मार्केटच्या मागं माझं घर. टोमॅटोचा सीझन होता. सडक्या मालाचा वास दारात. तरी तो खाली जमिनीवर बसला, चहा प्याला, भाकर खाल्ली. म्हणाला, "काका, म्हाताऱ्या झालेल्या एका विनोदी कलावंतावर मी सिनेमा करतोय. खरं सांगू, तो तुमचाच सिनेमा आहे."

मला बरं वाटलं. का वाटू नये? माझ्याबद्दल कुणी असं जमिनीवर बसून विचारलं नव्हतं. तो आठवडाभर येत राहिला. मी सांगत राहिलो. फड, राहुट्या, चैत्रातल्या जत्रा. आणि कमळ.

कमळ माझी बायको. फडात नाचायची. जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल मी फार बोलत नाही. पण डायरेक्टर असा कान देऊन ऐकायचा, की मी एक दिवस त्याला ती गोष्ट सांगितली.

आंबेगाव तालुक्यातलं एक गाव, निरगुडसरच्या पुढं. तिथल्या जत्रेत आमचा फड लागला होता. दिवसाचा खेळ संपला, उन्हं कलली होती. पाटलाचा माणूस राहुटीपाशी आला. "पाटलांनी बोलावलंय. एकटीला."

कमळ केस विंचरत होती. तिनं फणी खाली ठेवली नाही. विंचरता विंचरताच म्हणाली, "पाटलास्नी सांगा, माझा नाच बोर्डावर. बोर्डाच्या खाली मी कुनाची नाचनारी न्हाई."

माणूस गेला. मग गावानं आमची भाकर बंद केली. विहिरीवर कुणी पाणी भरू देईना. फडमालक हात जोडत फिरला. शेवटी आम्ही तसेच निघालो, बैलगाडीत सामान आणि आम्ही पायी. पार मंचरपर्यंत पोटात काही नाही. कमळ सगळ्यांच्या पुढं चालत होती. फडमालक तिला शिव्या देत होता, तिच्यापायी खेळाची सुपारी गेली म्हणून. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

हे ऐकताना डायरेक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं. रुमालानं पुसलं त्यानं. म्हणाला, "काका, हा तर सिनेमाचा जीव आहे."

शूटिंग त्याच गावात लागलं. पाटील मेला कधीच. त्याचा नातू आहे, अण्णा. उसाची शेती, गावात त्याचा शब्द चालतो. त्यानं फार्महाऊस दिलं, जत्रेचं मैदान दिलं. बदल्यात त्याला सिनेमात काम मिळालं. कुठलं काम? पाटलाचं. आज्याचं काम नातू करणार. मला हे तिथं गेल्यावर कळलं. मी डायरेक्टरकडं बघितलं. तो म्हणाला, "चेहरा बघा ना त्यांचा, काका. पर्फेक्ट आहे."

मला बोलावलं होतं हिरोला शिकवायला. बोलणं कसं, चालणं कसं, फेटा कसा कलता ठेवायचा. नामाला बोलावलं होतं ढोलकी वाजवायला. नामा आणि मी एकाच फडात म्हातारे झालो. त्याच्या ढोलकीवर कमळ नाचली आणि मी बोललो. जेवायच्या वेळी आम्हाला जनरेटरच्या बाजूला बसवायचे. मंडपात टेबलं होती, पण ती "युनिट"ची. आम्हाला प्यायला ड्रमातलं पाणी. एकदा मी मंडपातली सीलबंद बाटली उचलली, तर पोऱ्यानं हातातनं काढून घेतली. जात विचारली नाही कुणी. विचारायची गरजच नव्हती. जनरेटरच्या धुरात कोण बसलंय, ते बघितलं की कळत होतं.

नामा म्हणायचा, "जाऊंदे राव. आपल्याला नवं हाय का ह्ये?"

नवं नव्हतं. म्हणूनच किळस येत होती. तेच जुनं, वर नवा रंग मारलेला.

एक दिवस चपलांचा सीन लागला. म्हाताऱ्या सोंगाड्याचा विनोद पडतो, लोक चिडतात, चपला मारतात, तो चिखलात पडतो. हिरो म्हणाला, मी चिखलात पडणार नाही, माझी पाठ दुखते. डायरेक्टर माझ्याकडं आला. खांद्यावर हात ठेवला.

"काका, लांबून घेणार आहे. पाठमोरे. तुमची अंगकाठी सेम आहे. फक्त पडायचं. क्लोजअप सरांचा घेऊ."

म्हणजे तोंड त्याचं, चपला मला.

मी हो म्हणालो. सोंगाड्या आयुष्यभर पडतच आलाय. पण बोर्डावर मी पडायचो तेव्हा कधी पडायचं ते मी ठरवायचो. इथं मैदानात गावातली माणसं उभी केली होती, अण्णाच्या भावकीतली पोरं, मोटारसायकलीवर आलेली, इस्त्रीचे शर्ट. त्यांना रबराच्या चपला वाटल्या. पहिल्यांदा पडलो, तेव्हा त्या हलक्या लागल्या. डायरेक्टर म्हणाला, "जोर नाही. मनापासून मारा."

दुसऱ्या खेपेला पोरांनी पायातल्या काढल्या. एक कानशिलावर बसली. चिखल नाकात गेला. आणि जातीवरनं एक शिवी आली. कागदावर नव्हती ती. ती पोराच्या पोटातनं आली, सहज, ढेकरासारखी.

"कट! भारी!" डायरेक्टर ओरडला. "हेच पाहिजे होतं. ती शिवी कुणी दिली? परत दे. एकदम खरी वाटली."

खरीच होती ती.

पोरगं लाजलं, मित्रांकडं बघून हसलं आणि तिसऱ्या वेळी अजून मोठ्यानं दिली. मी चिखलात पालथा पडून ऐकत होतो. वर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. उठायला हात दिला नाही कुणी, कारण हात चिखलानं भरला असता. नामानं ढोलकी बाजूला ठेवली आणि मला उठवलं. मेकअपवाली धावत आली. मला वाटलं, पुसायला. तिनं माझ्या तोंडावरच्या चिखलाचा फोटो काढला, हिरोला तसाच लावायला.

तरी मी थांबलो. हे मी लपवत नाही. मला वाटत होतं, कमळचा सीन व्हायचाय. तेवढा होऊ दे. ती फणी, ते उत्तर. माणसं बघतील, तिचं बोलणं ऐकतील. त्या एका गोष्टीसाठी मी चपला खाल्ल्या.

दुसऱ्याच दिवशी तो सीन लागला. फार्महाऊसच्या मागं राहुटी उभी केली होती. कमळचं काम करणारी नटी आरशासमोर बसली. पाटलाचा माणूस आला, निरोप दिला. मी कॅमेऱ्याच्या मागं उभा.

नटी काही बोलली नाही. मान खाली घातली. आणि हिरो, म्हणजे मी, सिनेमातला मी, हातात बाटली घेऊन झोकांड्या खात आला. तिच्या खांद्याला धरून उठवलं. म्हणाला,

"जा गं. मालक वाट बघत्यात."

आणि ती गेली.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, पुढं काहीतरी असेल. ती वाटेतनं माघारी फिरेल. पण डायरेक्टर म्हणाला, कट. मग पुढचा भाग हिरोला समजावून सांगायला लागला. पाटील तिला सोन्याची माळ देतो. पाटील मनानं चांगला असतो. शेवटी म्हातारा सोंगाड्या भीक मागायला लागतो, तेव्हा तोच पाटील त्याच्या अंगावर शाल घालतो आणि सोंगाड्या त्याच्या पायावर डोकं ठेवून मरतो.

मी दारूला उभ्या जन्मात शिवलो नाही. ते राहू दे. माझं काहीही करा. पण कमळ गेली?

तेवढ्यात डायरेक्टरनं मला हाक मारली. साउंडवाला एक यंत्र घेऊन उभा होता.

"काका, सरांना त्या वाक्याचा टोन सापडत नाहीये. तुम्ही एकदा म्हणा. रेकॉर्ड करून घेतो. तुमच्या बोलीत. 'जा गं, मालक वाट बघत्यात.' थोडं लाचार, थोडं नशेत."

माईक माझ्या तोंडापुढं आला.

सगळे गप्प झाले. आवाज घ्यायचा होता ना. जनरेटरसुद्धा बंद केला. एवढी शांतता मला त्या सेटवर पहिल्यांदा मिळाली.

मी म्हणालो, "ती गेली न्हाई."

"काका, ते मला माहितीये. पण हा सिनेमा आहे."

"मी तुम्हास्नी घरात बसवून सांगितलं. तुमी रडला व्हता."

"हो, पण ती गेली नाही तर गोष्ट तिथंच संपते ना. ड्रामा काय राहिला?"

हिरो वैतागला होता. त्याच्या तोंडावर माझा रंग, माझ्या सुरकुत्या. म्हणाला, "काय फरक पडतो यार? तुमच्या लोकांत चालायचंच ना हे."

तुमच्या लोकांत.

अण्णा खुर्चीत बसला होता, आज्याचं जाकीट घालून. तो हसला. "आमच्या आज्याच्या टायमाला लई चालायचं. आमी ऐकलंय की."

माझ्या पोटातनं काहीतरी वर आलं. राग नव्हता तो. ओकारी होती. आयुष्यभर गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं: वरनं ओतलेलं पाणी, चपला, दातांचे फोटो. आणि ह्यांच्या हसण्यात मिसळलेलं माझं हसणं. ते सगळ्यात घाण लागलं.

मी अण्णाकडं वळलो.

"तुमचा आजा बोलवत व्हता, ह्ये खरं हाय. ती गेली न्हाई, ह्येबी खरं हाय. तुमास्नी निम्मंच सांगितलंय घरात."

अण्णाचं हसू थांबलं. "म्हाताऱ्या, तोंड सांभाळून."

"तोंडच सांभाळतोय. म्हनून ह्ये वाक्य त्या तोंडातनं येनार न्हाई."

डायरेक्टर मधे आला. खांद्यावर हात ठेवायला लागला. मी तो झटकला. म्हणालो, "सर, चपला मारलेली पाठ तुमी नेली, न्या. रंग नेला, दात नेलं, न्या. जीभ माझी हाय. ती मिळनार न्हाई."

आणि चालायला लागलो.

कुणी उठलं नाही. गर्दीचं काम करायला आणलेल्या तिथल्या मांगवाड्यातल्या बाया बसून होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. नामा ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्यासमोरनं गेलो. त्यानं मान वर केली नाही. ढोलकीवरच्या शाईच्या ठिपक्याकडं बघत राहिला.

उसातनं रस्त्याला आलो. जीप मिळाली नारायणगावची. गच्च भरलेली. बाईनं लेकराला मांडीवर घेऊन मला जागा दिली. कानामागं कालचा चिखल वाळून राहिला होता, तो पोपडे होऊन पडत होता. कुणीतरी विचारलं, "काय पावणं, शेतात पडला का?" बतावणी सुचली नाही, आणि सुचायला नको होती.

पुढं काय झालं ते सांगतो.

ते वाक्य नामानं म्हणून दिलं. माईकपुढं, आमच्या बोलीत, थोडं लाचार, थोडं नशेत. त्यानंच येऊन सांगितलं. दारात उभा राहिला, आत आला नाही. "पोट हाय राव," म्हणाला. "आनि मी न्हाई म्हनलं असतं तर दुसऱ्यानं म्हनलं असतं." मी त्याला आत बोलावलं नाही, पण त्याच्यावर थुंकलोपण नाही. थुंकायचं ते कुणाच्या तोंडावर, हे मला सेटवरच कळलं होतं.

त्या चैत्रात पुतण्याच्या फडाच्या सुपाऱ्या तुटल्या. जत्रेसाठी फड ठरवायला नारायणगावात आमच्या राहुटीवर गावोगावचे लोक यायचे, नाव विचारायचे आणि पुढच्या राहुटीकडं जायचे. अण्णानं निरोप फिरवला होता, की म्हातारा गावाला शिव्या देतो. पुतण्या म्हणाला, "तात्या, जाऊन माफी मागा. एकदा पाया पडा. आपलं काय जातंय?"

मी म्हणालो, "माजं न्हाई जात. तुज्या चुलतीचं जातंय."

तो चिडला. बोलायचा बंद झाला. वगातलं माझं काम त्यानं दुसऱ्याला दिलं. मी घरी बसलो.

मग सिनेमा लागला. लोकांना आवडला. मला फोन यायला लागले, तुमच्यावर सिनेमा निघाला म्हणे. रस्त्यात एक मास्तर भेटले, म्हणाले, "शेवटी तो पाटलाच्या पायावर डोकं ठेवतो ना, मी तर रडलो हो." एवढं रडतात ही माणसं. आमच्यावर रडायला यांना आमचं डोकं कुणाच्या तरी पायावर लागतं.

निवडणूक तोंडावर होती. अण्णाला उभं राहायचं होतं. वस्तीतली मतं पाहिजे होती. निरोप आला, जत्रेत तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, नारळ. मग पडद्यावर सिनेमा दाखवणार. झालं गेलं विसरा. पुतण्या बऱ्याच दिवसांनी बोलायला आला. म्हणाला, "आता तरी या."

मी गेलो.

दिवस मावळायला अवकाश होता. तेच मैदान. पुढं खुर्च्या, मागं सगळं गाव बसलेलं. कडंला तिथल्या मांगवाड्याची वस्ती. सूत्रसंचालक बाई म्हणाली, आपल्या मातीतला थोर कलावंत. अण्णा शाल उलगडून उभा राहिला. मी म्हणालो, आधी दोन शब्द बोलतो. त्याला वाटलं, आभार. माईक दिला.

मी म्हणालो, "राम राम मंडळी. आता तुमी शिनुमा बघनार. त्यात एक बाई मालकाकडं जाती. त्या बाईचं नाव कमळ. ती माजी बायको. ह्याच मैदानात राहुटी व्हती. ह्या अण्णाच्या आज्यानं तिला बोलावलं."

आज्याचं नाव घेतलं. आख्खं, बापाच्या नावासकट. इथं लिहीत नाही. तिथं घेतलं.

"आनि ती गेली न्हाई."

माईक बंद झाला. कुणीतरी वायर काढली. अण्णा दात खात पुढं आला. पण मी तमाशातला माणूस. माईक नव्हते तेव्हापासून बोर्डावर उभा आहे. शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा न्यायचा, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. मी परत म्हणालो, "ती गेली न्हाई. तुमच्या बापजाद्यांनी तिची भाकर बंद केली, पानी बंद केलं. ती उपाशी चालत गेली, पन पाटलाकडं गेली न्हाई. ज्यांनी बघितलं ती म्हातारी मानसं हितं बसल्याती. इचारा त्यास्नी."

पुढच्या रांगेत दोघं-तिघं म्हातारे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. एकानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि जमिनीकडं बघत बसला.

मला धरून खाली उतरवलं. शाल स्टेजवर पडली. पोरांनी धक्काबुक्की केली, शर्ट फाटला. मग अंधार पडला तसा पडदा लावला आणि सिनेमा दाखवलाच. त्या वाक्याला शिट्ट्यासुद्धा आल्या, रस्त्यापर्यंत ऐकू आल्या. वस्तीतली काही माणसं उठून गेली, काही बसून राहिली. मी हिशेब ठेवला नाही.

पुतण्यानं मला फडातनं काढलं. नातेवाईक म्हणतात, म्हातारपणी डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं.

मी आता एकटा उभा राहतो. हलगी घेऊन. बापाची कला हातात आहे अजून. वस्त्यांवर, बाजाराच्या दिवशी, एसटी स्टँडच्या बाहेर, मढपासून मंचरपर्यंत. कुठं हा सिनेमा दाखवणार असले, तर तिथं आधी जातो. लोक जमतात, म्हातारा सोंगाड्या आलाय, हसवंल म्हणून. हसवतो की. येतं मला ते. पण आधी हलगी थांबवतो आणि सांगतो. बोलावलं कुणी, नावासकट. भाकर कुणी बंद केली. आणि ती गेली न्हाई.

कुणी उठून जातं, जाऊ दे. कुणी मारायला येतं, येऊ दे. हसायचं असेल त्यांनी नंतर हसावं. आधी हे ऐकावं लागेल. मी जिवंत आहे तोवर ह्या दोन्ही तालुक्यांत माझ्या तोंडावर फुकट कुणी हसणार नाही.